घाटाखालच्या खातेदारानें पिकप गाडी घ्यावी काय ?

महाड-पोलादपूरच्या कोणत्याहि वाडींत हल्लीं गेलें तर खळ्याच्या कडेस एखादी तरी पांढरी पिकप गाडी उभी दिसते. पूर्वीं त्या जागीं बैलगाडी सोडीत असत. याच मुलखाचा माल एके काळीं सावित्रीच्या खाडीनें गलबतांतून बाणकोटाकडे जात असे. पुढें मालमोटारी आल्या, हमरस्ता रुंद झाला, कशेडीस बोगदा झाला, आणि औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांमुळें बिरवाडीच्या बाजूस वाहनांची ये-जा वाढली. या सर्वांचा परिणाम असा झाला आहे कीं, दोन एकर भातजमिनीच्या खातेदाराच्या घरींहि आतां ‘एक पिकप घेऊं या’ ही गोष्ट निघते. मुलगा ती काढतो, बाप गप्प बसतो, व शेवटीं कोणी तरी नातलग मध्यें पडून गाडी दारांत येते.

गाडी येण्यास आमची हरकत नाहीं. डोंगराच्या पायथ्यापासून महाडच्या बाजारापर्यंत माल डोक्यावरून आणण्याचे दिवस ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना मोटारीचें महत्त्व सांगावयास नको. आमची हरकत आहे ती विचाराच्या क्रमास. आधीं रंग पाहिला जातो, मग हप्ता विचारला जातो, मग काम शोधलें जातें, आणि ओझें किती वाहावयाचें आहे हा प्रश्न सर्वांत शेवटीं, पहिला पाटा तुटल्यावर, पुढें येतो. हा क्रम उलटा करावा, एवढ्याचसाठीं हा लेख लिहीत आहों.

प्रथम हिशेब. आकडे प्रत्येकाचे निराळे पडतील, परंतु मांडणी एकच. सर्व खर्च धरून गाडी दहा लाखांस पडली, दोन लाख रोख दिले व आठ लाखांचें कर्ज दरसाल दहा टक्के व्याजानें पांच वर्षांच्या मुदतीचें काढलें, असें धरूं. मासिक हप्ता सुमारें १७,००० रुपये होतो. विमा, कर, योग्यतेचा दाखला व किरकोळ दुरुस्ती मिळून महिन्यास ४,००० धरल्यास गाडी जागची न हालतां महिन्यास २१,०००, म्हणजे सालास २,५२,००० रुपये खाते. चालकाचा पगार यांत धरलेला नाहीं. मालक स्वतः चालवितो असें मानलें आहे. आतां भाड्याची गाडी आणली असतां जाऊन-येऊन १२० किलोमीटरच्या खेपेस ३,००० रुपये पडतात असें समजूं. तीच खेप घरच्या गाडीनें केल्यास डिझेल, टायर व झीज मिळून किलोमीटरास १० रुपयांप्रमाणें १,२०० रुपये लागतात. म्हणजे दर खेपेस वांचले १,८००. या १,८०० नीं २,५२,००० ला भागावें. १४० खेपा येतात. पावसाळ्याचे चार महिने वजा केले तर उरलेल्या आठ महिन्यांत दरमहा साडेसतरा खेपा झाल्या पाहिजेत, तेव्हां कोठें गाडी आपला खर्च आपण भागविते. नफा त्याच्या पुढें.

आतां घरच्या खेपा मोजाव्या. दोन एकरांचें भात उत्तम पिकलें तरी तीन-चार खेपांत तें गिरणीस पोंचतें. शेणखत, पेंढा, खतांच्या गोणी, आंबा-काजूच्या दिवसांतील फेऱ्या आणि लग्नसराईचें सामान हें सगळें धरून पंचवीस-तीस खेपांच्या वर साधारण खातेदाराचें काम जात नाहीं. राहिलेल्या शंभराच्या वर खेपा भाड्याच्या मिळविल्या पाहिजेत. आणि ज्या वाडींत चार गाड्या आधींच उभ्या आहेत, तेथें पांचवीस भाडें कोठून येणार? पांच वर्षांनीं गाडीची कांहीं किंमत उरते हें खरें, परंतु ती किंमत आजचा हप्ता भरावयास उपयोगी पडत नाहीं.

यावर तरुण मंडळींचें उत्तर ठरलेलें असतें : ‘एम. आय. डी. सी. चें काम मिळेल.’ मिळेलहि. परंतु तें काम कोण देणार, महिन्यांतून किती दिवस देणार, बिलाचा पैसा किती दिवसांनीं हातीं येणार, आणि कारखाना दुरुस्तीसाठीं बंद असतां गाडीनें काय करावयाचें, या चार प्रश्नांचीं उत्तरें कागदावर असल्याशिवाय त्या भरंवशावर कर्ज काढूं नये. बहुतेक ठिकाणीं काम ठेकेदारामार्फत मिळतें, कारखान्याकडून नव्हे, आणि ठेकेदार बदलला म्हणजे त्याच्याबरोबर गाड्याहि बदलतात. बँक मात्र बदलत नाहीं.

आमची सूचना अशी कीं, ज्यांच्या खेपा शंभराच्या आंत भरतात अशा तिघां-चौघां खातेदारांनीं मिळून, किंवा गांवच्या सोसायटीनें अगर शेतकरी गटानें आपल्या नांवें एक गाडी घ्यावी. ‘भागीचें घोडें किवणानें मेलें’ ही म्हण आम्हांस ठाऊक आहे, आणि ती खोटी नाहीं. परंतु घोडें मेलें तें भागीमुळें नव्हे, वही नसल्यामुळें. चालक एक ठेवावा. गाडी कोणी, कोणत्या तारखेस, किती किलोमीटर नेली तें त्याच दिवशीं लिहावें. किलोमीटरामागें दर ठरवून भागीदारानेंहि तो रोख भरावा. आणि त्यांतून टायर-दुरुस्तीचा पैसा निराळा काढून ठेवावा. फुकट वापरण्याची मुभा एकास दिली कीं ती सर्वांस द्यावी लागते, व मग किवण ठरलेलेंच.

येथें जमिनीविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. सात-बाराच्या इतर हक्कांच्या रकान्यांत बोजाची नोंद करणें हें आमचें पुष्कळ वर्षांचें कामच होतें, म्हणून तें अनुभवानें लिहितों. गाडीच्या कर्जास गाडी हेंच तारण पुरेसें आहे. नोंदणीपुस्तकांत सावकार संस्थेचें नांव चढतें, आणि हप्ते थकले तर ती संस्था गाडीवर हात टाकूं शकते. एवढ्यावर भागत असतां जमिनीचा उतारा कर्जाच्या अर्जास जोडण्याचें कारण काय ? कित्येकदां रोख भरावयाचे दोन लाखहि उसने असतात, आणि ते पतसंस्थेंतून किंवा सोसायटींतून बापाच्या जमिनीवर काढलेले असतात. असें दुहेरी कर्ज सर्वांत घातक. सहकारी संस्थेची थकबाकी १९६० च्या अधिनियमाच्या कलम १०१ खालीं वसुलीचा दाखला मिळाला म्हणजे जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करतां येते. पुढें जप्ती व लिलाव यांचा मार्ग मोकळा असतो. जामीनदार म्हणून सही करणाऱ्या चुलत्यासहि हेंच लागू. गाडी गेली तर दुसरी मिळेल. ओढ्याकांठची वडिलार्जित खाचरें एकदां गेलीं कीं तीं परत मिळत नाहींत. ज्यास निम्मी किंमत स्वतःच्या सांठवणींतून भरतां येत नाहीं, त्यानें एक-दोन वर्षें भाड्याच्या गाडीवर काढावीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. तेवढ्या काळांत आपल्या खेपा खरोखर किती होतात याचीहि नोंद आपोआप तयार होते.

हिशेब जमला असें गृहीत धरून आतां यंत्राकडे वळूं.

‘हेवी ड्यूटी’ हा शब्द हल्लीं प्रत्येक जाहिरातींत असतो. अमेरिकेंत या नांवानें ज्या पिकप गाड्या विकतात, त्या निराळ्याच जातीच्या आहेत. तेथें १९८९ पासून डॉज कंपनीच्या पिकपांत कमिन्सचें मोठें डिझेल इंजिन बसूं लागलें, आणि गुरांच्या लांब ट्रॉल्या ओढणारे तिकडील शेतकरी तीं वाहनें पसंत करूं लागले. त्यांचीं चित्रें आपल्या मुलांच्या मोबाईलवर दिसतात, व मोठेपणाची कल्पना तेथून येते. आपल्याकडे ‘हेवी ड्यूटी’ चा अर्थ एकच घ्यावा : नोंदणीपुस्तकांत लिहिलेलें वजन भरून दररोज घाट चढतांना व उतरतांना जी गाडी कुरकुर करीत नाहीं, ती.

नोंदणीपुस्तकांत दोन वजनें लिहिलेलीं असतात : रिकाम्या गाडीचें व भरलेल्या गाडीचें एकूण. दुसऱ्यांतून पहिलें वजा केलें म्हणजे माणसांसह वाहावयाचें ओझें निघतें. विक्रेता काय म्हणतो याकडे लक्ष न देतां ही वजाबाकी स्वतः करावी. मग आपलें ओझें काय तें पाहावें. पंचाहत्तर किलोच्या भाताच्या वीस गोणी म्हणजे दीड टन. जांभ्या दगडाचा एक चिरा तीस किलोच्या आसपास भरतो. म्हणजे दीड टनाच्या गाडींत पन्नास चिरे. आम्हीं शंभर भरलेले पाहिले आहेत. रेतीचें तर विचारूंच नये. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ओली रेती असल्यास तिचें वजन साडेचार टनांच्या पुढें जातें, तेव्हां दीड टनाच्या गाडीनें पाव ब्रास न्यावी, फार तर किंचित् अधिक. अर्धा ब्रास घालून फेरीचा पैसा दुप्पट झाला असें ज्यास वाटतें, तो पाटे, मागचा आंस, क्लच व टायर यांचा पैसा मोजीत नाहीं. मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनें जादा ओझ्यास २०,००० रुपये व वर प्रत्येक टनास २,००० रुपये दंड ठेविला आहे, तो आणखी निराळा. पेंढा नेणाऱ्याची अडचण उलट आहे. त्यास वजन नको, लांब हौदा हवा. आंखूड हौद्यांत पेंढा उंच रचावा लागतो, व वळणावर गाडी कलते.

बाजारांत मिळणाऱ्या गाड्यांपैकीं लहान व मोठ्या असे दोन वर्ग करतां येतील. टाटा कंपनीची ‘एस’ २००५ सालीं निघाली, तिनें गल्लीबोळांतील मालवाहतूक बदलून टाकली. परंतु पाऊण टनाच्या ओझ्यासाठीं व सपाट शहरी रस्त्यासाठीं ती केलेली. त्याच कुळांतील गाडी पोलादपुराहून आंबेनळीच्या चढास भरून घालणें म्हणजे पाड्यास नांगरास जुंपण्यासारखें आहे. सव्वा ते दोन टनांच्या वर्गांत महिंद्र कंपनीची ‘बोलेरो पिकप’, टाटांची ‘योद्धा’ व ‘इंट्रा’, अशोक लेलँडची ‘दोस्त’ या गाड्या आपल्या बाजूस परिचित आहेत. महिंद्रांनीं १९४७ सालीं मुंबईंत विलिस जीप जोडावयास आरंभ केला, त्या परंपरेंतून त्यांच्या पिकप आल्या. ‘दोस्त’ २०११ सालची. टाटांनीं २०२२ सालीं ‘योद्धा’ चा दोन टनांचा प्रकार काढला. यांपैकीं अमुकच घ्या असें आम्ही सांगणार नाहीं. महिंद्रांच्या अडीच हजार घन सेंटिमीटरच्या चार नळकांड्यांच्या इंजिनास कमी फेऱ्यांवर ओढ चांगली, व तें बहुतेक मिस्त्र्यांच्या हातचें. ‘दोस्त’ चें तीन नळकांड्यांचें दीड हजारांच्या आंतील इंजिन हलकें, सपाटीस परवडणारें. ज्याचें काम महाड-माणगांव-पनवेल या हमरस्त्यानें आहे त्यास दुसरें चालेल. ज्यास दररोज घाट आहे त्यानें पहिल्या जातीचें पाहावें.

घेण्यापूर्वीं एक काम अवश्य करावें. आपल्या नेहमींच्या ओझ्यानें भरलेली तीच गाडी कोणा ओळखीच्याकडे असेल, तर तिच्यांत बसून आपल्या वाडीचा शेवटचा चढ चढून पाहावा. मध्यें थांबवून पुनः उचलावी. दुसऱ्यांदा उचलतांना क्लचचा जळका वास आला, तर ती गाडी आपल्या कामाची नव्हे. दुकानदार जी चक्कर देतो ती रिकाम्या गाडीनें व सपाटीवर असते, तिच्यावरून कांहींच कळत नाहीं. दुसरें, क्लच-प्लेट, ब्रेकचे लायनर, पाटे, पुढच्या चाकांचे बेअरिंग व इंधनाची गाळणी हे पांच जिन्नस महाड किंवा बिरवाडींत त्याच दिवशीं मिळतात कीं पनवेलीस माणूस पाठवावा लागतो, तें आधीं विचारावें. भर हंगामांत चार दिवस उभी राहिलेली उत्तम गाडी ही चालणाऱ्या मध्यम गाडीपेक्षां वाईटच.

डिझेल कां, असेंहि कोणी विचारतात. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवितात कीं इंधन शिरतांच पेटतें. त्यामुळें कमी फेऱ्यांवर जोर मिळतो, आणि भरलेली गाडी चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरांत शांतपणें चढते. परंतु १ एप्रिल २०२० पासून ‘भारत टप्पा सहा’ चे नियम आले, तेव्हांपासून डिझेल गाडी पूर्वींसारखी अडाणी राहिली नाहीं. धुराच्या नळींत काजळी अडविणारी गाळणी असते. कांहीं गाड्यांस युरियाचें द्रावणहि निराळें भरावें लागतें. काजळीची गाळणी साफ होण्यास नळी चांगली तापावी लागते. दररोज तीन-चार किलोमीटर जाऊन परत येणारी गाडी तापतच नाहीं, व काजळी सांठत जाते. मग सूचनेचा दिवा लागतो. अशा गाडीस आठवड्यांतून एकदां हमरस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटें एकसारख्या वेगानें चालवावी. दिवा लागला असतां ‘उद्यां पाहूं’ म्हणणारास गाळणी बदलण्याचा मोठा खर्च येतो. डिझेलांत रॉकेल मिसळण्याची जुनी खोड तर आतां सर्वस्वीं सोडावी. नव्या इंजिनाचा इंधनपंप व सुया फार बारीक मापाच्या असतात. डबड्यांत सांठविलेलें डिझेलहि पावसाळ्यांत पाणी धरतें. गाळणीच्या तळाची तोटी ठरल्या वेळीं सोडून पाणी काढून टाकण्यास पांच मिनिटें लागत नाहींत.

घाट उतरण्याविषयीं लिहिल्यावांचून राहवत नाहीं. डिझेल वांचावें म्हणून गिअर काढून गाडी सोडण्याची चाल आमच्या बाजूस अजून आहे. नवीं इंजिनें गिअरांत असतां व पाय उचललेला असतां इंधन घेतच नाहींत, म्हणजे वांचत कांहींच नाहीं. उलट सर्व भार ब्रेकवर पडतो. ते तापतात, त्यांचें तेल उकळतें आणि पायाखालचा ब्रेक एकाएकीं मऊ लागतो. इंजिनच बंद केलें तर ब्रेकला साह्य करणारी शक्तिहि जाते व स्टिअरिंग जड होतें. ज्या गिअरांत चढ चढला असतां त्याच गिअरांत उतार उतरावा, हा जुन्या मालमोटारवाल्यांचा नियम आजहि खरा आहे. २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस याच आंबेनळीच्या दरींत गेली व एकच माणूस वांचला, हें आपल्या वाचकांस विसरतां येण्यासारखें नाहीं. त्या अपघाताचें कारण काय, याची चर्चा येथें करीत नाहीं. तो घाट कसा आहे एवढेंच सांगावयाचें आहे. वरंध घाट तर पावसाळ्यांत वारंवार बंद असतो, तेव्हां पुण्याकडील भाडें घेतांना वाट कोणती हें आधीं ठरवावें.

कायद्याचीं दोन-तीन कलमें ठाऊक असलीं म्हणजे पुष्कळ त्रास वांचतो. एकूण वजन ३,००० किलोच्या आंत असलेल्या मालगाडीस परवाना लागत नाहीं. म्हणूनच कित्येक पिकप त्याच्या किंचित् खालीं बसविलेल्या असतात. जास्त ओझ्याचा मोह पडला तर परवान्याचा खर्चहि हिशेबांत धरावा. हलक्या मोटारीचें लायसेन्स असलेल्या माणसास ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवितां येते, निराळ्या नोंदीची गरज नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं दिला. त्यामुळें विमा कंपन्यांशीं होणारा एक मोठा वाद मिटला. योग्यतेचा दाखला गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनीं, व पुढें दरसाल घ्यावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्यें मालवाहू मोटारींवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, हें किंमत विचारतांना ध्यानांत ठेवावें.

सर्वांत मोठा धोका मात्र हौद्यांत माणसें बसविण्याचा. वऱ्हाड, देवदर्शन, क्रिकेटचे सामने, सर्वांस पिकप लागते, आणि ‘नाहीं’ म्हणणें गांवांत कठीण असतें. मालाच्या मालकास किंवा त्याच्या प्रतिनिधीस पुढें बसविलें तर विम्याचें संरक्षण आहे. मालगाडींत फुकट बसवून नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलेलें आहे. म्हणजे दुर्दैवानें कांहीं घडलें, तर ती भरपाई गाडीच्या मालकाच्या घरादारांतून व जमिनींतून वसूल व्हावयाची. एवढें सांगून ‘नाहीं’ म्हणावें; समजणारा रागावणार नाहीं.

आतां जी गोष्ट आमच्या भागास विशेष लागू आहे, तिकडे येतों. आपली औद्योगिक वसाहत मुख्यत्वें रसायनांची आहे. सकाळीं कारखान्याचीं पिंपें व संध्याकाळीं तांदुळाच्या गोणी, असा प्रकार एकाच हौद्यांत चालतो. मध्यें हौदा धुतला जातो काय ? बादलीभर पाणी मारलें म्हणजे धुतला असें समजतात. पिंपाच्या तळाशीं लागलेलें, फटींत उतरलेलें द्रव्य लांकडी फळींत किंवा ताडपत्रींत मुरतें, आणि गोणपाट तें शोषून घेतें. १९५८ सालीं केरळांत पॅराथिऑन या कीटकनाशकाबरोबर वाहून आणलेलें गव्हाचें पीठ खाऊन शंभराच्या वर माणसें मेलीं. माल एकत्र वाहण्यापलीकडे तेथें कोणाचा हेतु वाईट नव्हता. पुढें १९६८ सालीं कीटकनाशकांचा कायदा आला, त्याच्या पाठीमागें ही घटना होती. आमच्या मतें ज्या गाडीनें रसायनें वाहिलीं तिनें धान्य, आंबा, पेंढा व पशुखाद्य वाहूं नये. दोन्ही कामें करावयाचीच असतील तर धान्यासाठीं निराळी ताडपत्री व निराळ्या फळ्या ठेवाव्या, आणि मधल्या वेळीं हौदा साबणानें घासून, उन्हांत वाळवून घ्यावा. पेंढ्याचें महत्त्व कमी समजूं नये. दूध देणारी म्हैस तो खाते. शिवाय धोकादायक माल वाहणाऱ्या चालकास त्या कामाचें शिक्षण व लायसेन्सवर तशी नोंद लागते. ती नसतां पिंपें भरून घेणारा मालक दंडासच नव्हे, अपघाताच्या साऱ्या जबाबदारीस मान देतो. पिंपांत काय आहे हें न विचारतां माल उचलणें ही आपल्या मुलांची चाल आहे. विचारावें, आणि मालाचा कागद हातांत घेतल्याशिवाय गाडी हलवूं नये. रिकामीं पिंपें स्वस्त मिळतात म्हणून घरीं पाण्यास किंवा भातास आणतात, तेंहि बंद व्हावें.

जुनी गाडी घेणारांस दोन गोष्टी सांगून लेख पुरा करूं. २२ जुलै २०२१ च्या महापुरांत महाड शहर बुडालें, त्या वेळीं असंख्य वाहनें पाण्याखालीं गेलीं. अशीं वाहनें धुऊन-पुसून परगांवीं विकलीं जातात, आणि परगांवचीं आपल्याकडे येतात. घेतांना आसनाखालच्या लोखंडी पट्ट्या, दिव्यांच्या कांचेची आंतली बाजू, फ्यूजची पेटी व दाराच्या अस्तरामागची जागा पाहावी. तेथें वाळलेला गाळ किंवा एकसारखा गंज दिसला, तर किंमत कितीहि उतरली तरी गाडी सोडावी. विजेच्या तारांतील दोष वर्षानुवर्षें निघत राहतात. इंजिनाचें तेल दुधासारखें पांढुरकें असेल तर त्यांत पाणी शिरलें आहे. स्वतःची गाडी पाण्यांत सांपडली, तर पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवूं नये. हवा दबते, पाणी दबत नाहीं. नळकांड्यांत पाणी असतां इंजिन फिरविलें तर दांडा वांकतो, आणि चालू केल्यामुळें झालेलें नुकसान देण्यास विमा कंपनी कित्येकदां नकार देते. बॅटरीची तार काढावी, छायाचित्रें घ्यावीं, कंपनीस कळवावें, व गाडी ओढून कारखान्यांत न्यावी. आपल्या पॉलिसींत पुराचें पाणी व इंजिनाची हानि येते किंवा नाहीं, हें मे महिन्यांतच विचारून ठेवावें.

विकणारानेंहि सावध असावें. पैसे घेऊन किल्ली दिली म्हणजे व्यवहार झाला, असें समजणारे पुष्कळ आहेत. जमिनीचा फेरफार न करतां ताबा देणारेहि असेच असत. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे कीं, नोंदणीपुस्तकांत ज्याचें नांव आहे तोच कायद्यानें मालक. गाडी तीन हातांतून गेली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्याकडे मागतां येते. म्हणून २९ व ३० क्रमांकाचे नमुने भरून नांव बदलल्याचें पाहिल्यावांचून गाडी अंगणाबाहेर जाऊं देऊं नये. कर्ज फिटल्यावर सावकार संस्थेचा ना-हरकत दाखला व ३५ क्रमांकाचा नमुना घेऊन तारणाची नोंदहि लगेच काढून टाकावी. आणि कर्जासाठीं जमिनीवर बोजा चढविलेला असेल, तर त्याच आठवड्यांत तलाठ्याकडे अर्ज करून तो कमी झाल्याचा नवा सात-बारा घरीं आणून ठेवावा.